मजल आणि मुक्काम

‘अंतर’ हा शब्द मराठीत ज्या क्रियापदांबरोबर येतो ती एकत्र ठेवून पाहिली, म्हणजे एका नैतिक प्रश्नाची मांडणी भाषेनेच करून ठेवली आहे असे ध्यानात येते. दोन गावांत अंतर असते. दोन माणसांत ते पडते. वडीलधाऱ्यांशी वागताना ते राखले जाते. आणि ज्याने शेवटपर्यंत सोबत करावी त्यानेच पाठ फिरवली, तर त्याने अंतर दिले असे आपण म्हणतो. माणूस आईला अंतरला, म्हणजे ती त्याला कायमची दुरावली. यांतले पहिले अंतर कोसांत किंवा किलोमीटरांत मोजता येते आणि ते असल्याबद्दल कोणालाही दोष देता येत नाही. शेवटचे अंतर मोजता येत नाही. मात्र त्याला कर्ता असतो. असलेले अंतर आणि दिलेले अंतर यांचा परस्परसंबंध काय, हा या लेखाचा विषय आहे. विमानाने पहिल्या प्रकारचे अंतर जवळजवळ नाहीसे केल्यावर दुसऱ्या प्रकारच्या अंतराचे काय होते, असाही तो प्रश्न मांडता येईल.

हा विचार हवेत राहू नये म्हणून एक शहर समोर ठेवू. ते शहर रायपूर. छत्तीसगडच्या या राजधानीशी मराठी माणसाचा संबंध भोसल्यांच्या काळापासूनचा आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता या मुलखावर आली आणि बिंबाजी भोसल्यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपूरला राहून कारभार केला. सैन्य, कारकुनी, वकिली, शिक्षकी, रेल्वे आणि पुढे भिलाईचा पोलाद कारखाना अशा निरनिराळ्या निमित्तांनी मराठी कुटुंबे इकडे येत राहिली. रायपूरचा तात्यापारा आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ या त्या वस्तीच्या परिचित खुणा आहेत. अशा कुटुंबांतील पुढची पिढी आज मुंबई, पुणे, बंगळूर किंवा अमेरिकेत आहे, आणि वडीलधारी माणसे बहुधा रायपुरात.

मुंबई ते रायपूर हे अंतर रेल्वेने ११०० किलोमीटरांहून थोडे अधिक, तर आकाशमार्गाने सुमारे साडेनऊशे किलोमीटर आहे. गाडीला अठरा ते वीस तास लागतात. थेट विमान दोन तासांच्या आत-बाहेर पोहोचते. या दोन तासांत प्रवासी जवळजवळ नऊ रेखांश ओलांडतो. रायपूर हे भारतीय प्रमाणवेळेच्या रेखावृत्ताच्या अगदी निकट असल्यामुळे तेथील सूर्य घड्याळाशी सामान्यतः जुळलेला असतो, आणि मुंबईतला सूर्य त्याच्या सुमारे पस्तीस मिनिटे मागून येतो. न्यूयॉर्क येथून सुमारे १२,७०० किलोमीटर दूर आहे. रायपूरहून तिकडे थेट विमान नाही. दिल्ली किंवा मुंबई येथे विमान बदलावे लागते आणि सारा हिशेब धरता घरापासून घरापर्यंत दीडएक दिवस जातो. पृथ्वीच्या जवळजवळ एकतृतीयांश परिघाएवढा हा प्रवास दीड दिवसात होतो, ही मानवी इतिहासातील असाधारण गोष्ट आहे. तिचे कौतुक न करता पुढे जाणे हा कृतघ्नपणा ठरेल.

या असाधारणतेचे माप घ्यायचे तर १८७७ सालाकडे वळावे लागते. त्या वर्षी कलकत्त्याचे एक कुटुंब रायपूरला निघाले होते. कुटुंबप्रमुख विश्वनाथ दत्त कामानिमित्त आधीच येथे आले होते. मागून येणाऱ्यांत चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ होता. रेल्वे रायपूरपर्यंत पोहोचलेली नव्हती. प्रवासाचा अखेरचा मोठा टप्पा बैलगाडीने, घनदाट अरण्यातून करावा लागला आणि त्याला पंधरवड्याहून अधिक काळ लागला. या वाटेवरचा एक प्रसंग स्वामी विवेकानंदांच्या चरित्रांत नोंदलेला आहे. डोंगराच्या कड्याला वरपासून खालपर्यंत गेलेल्या एका भेगेत मधमाश्यांचे प्रचंड पोळे लोंबत होते. ते पाहता पाहता त्या मधुराज्याच्या आदि-अंताचा विचार करीत मुलाचे देहभान हरपले. तो भानावर आला तेव्हा गाडी बरीच पुढे आली होती.

त्याच नरेंद्राचे नाव २०१२ साली रायपूरच्या माना येथील विमानतळाला देण्यात आले. ज्या मुलाला येथे पोहोचायला पंधरवड्यावर दिवस लागले, त्याच्या नावाच्या विमानतळावर आज कलकत्त्याचा प्रवासी दीड-दोन तासांत उतरतो. हा विरोधाभास मनोरंजक आहे. परंतु त्यावरून बैलगाडीच्या काळाविषयी हळवे होण्याचे कारण नाही. त्या अरण्यात हिंस्र श्वापदे होती, वाटेत आजार होते, आणि अशा वाटांवर दगावलेल्या असंख्य माणसांची चरित्रे कोणी लिहिलेली नाहीत. कष्टाचा प्रवास माणसाला खोल करतोच असे नाही. बहुतेकांना तो केवळ थकवतो. या प्रसंगापेक्षा त्याच्या पुढचा भाग आपल्या विषयाला अधिक जवळचा आहे. हे कुटुंब रायपुरात सुमारे दोन वर्षे राहिले. मुलाला घालावे अशी शाळा येथे नव्हती, म्हणून वडिलांनीच त्याला शिकवले. त्याच्याशी वाद केले, त्याला स्वतःचे मत बनवू दिले. त्या मुलाच्या घडणीतील महत्त्वाचा काळ म्हणून चरित्रकार या दोन वर्षांकडे पाहतात.

जुन्या प्रवासाच्या परिभाषेत मजल आणि मुक्काम हे दोन शब्द जोडीने येत. मजल म्हणजे चालून जायचा टप्पा. मुक्काम म्हणजे थांबणे. या दोहोंत एक अलिखित प्रमाण असे. पंधरा दिवसांची मजल मारून आलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी परत निघत नसे. मजल जितकी लांब, तितका मुक्कामही लांब. आणि माणसे एकमेकांना कळत ती मुक्कामात. विमानाने मजल लहान केली. तेव्हा मजलेतून वाचलेला वेळ मुक्कामाच्या पदरी पडायला हवा होता, कारण प्रवास करायचा तो मुक्कामासाठीच. प्रत्यक्षात तसे घडत नाही. दोन तासांत येणारा दोन दिवसांत परततो, आणि वीस तासांनी येणारा जितका राहत असे त्याहून कमी राहतो. हा वाचलेला वेळ कोणाचा होता आणि तो कोठे गेला, या प्रश्नाला अर्थशास्त्राजवळ एक उत्तर आहे: तो उत्पादक कामात गेला. नीतिशास्त्राला या उत्तरावर थांबता येत नाही.

अंतराचा कर्तव्याशी असलेला संबंध आपल्या परंपरेत कोणी पद्धतशीरपणे तपासला असेल, तर तो धर्मशास्त्रकारांनी, आणि तोही सुतकाच्या प्रकरणात. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा १९५३ साली प्रसिद्ध झालेला चौथा खंड ज्यांनी चाळला असेल, त्यांना आशौचाचा हा गुंतागुंतीचा विचार ठाऊक असेल. या शास्त्राने वर्णभेद आणि स्त्री-पुरुषभेद गृहीत धरलेला आहे, आणि त्याचे नियम आज कोणावर बंधनकारक मानण्याचा येथे हेतू नाही. परंतु त्याने स्वतःला विचारलेला एक प्रश्न आपल्या उपयोगाचा आहे. दूर असलेला आप्त वारला, तर किती दूर म्हणजे दूर? यासाठी ‘देशांतर’ ही संज्ञा वापरली गेली आणि तिची निरनिराळी लक्षणे सांगितली गेली. मध्ये महानदी किंवा पर्वत असेल तर देशांतर. वाणी बदलत असेल तर देशांतर. काहींच्या मते साठ, काहींच्या मते चाळीस, तर काहींच्या मते तीस योजने दूर असेल तर देशांतर. आणि आणखी एका मताप्रमाणे, जेथून दहा रात्रींत वार्ता येत नाही ते देशांतर.

या लक्षणांत माणसाच्या मर्यादांविषयी एक समज दिसते. नदीला पूर आला असेल, डोंगर ओलांडता येत नसेल, तर न येणाऱ्यावर दोष ठेवायचा नाही. वार्ता उशिरा पोहोचली तर सुतकही कमी होत जाते. वर्ष उलटून गेल्यावर कळले तर बहुतेक आप्तांसाठी केवळ स्नान पुरेसे मानले आहे. दूर असणे हे कर्तव्य सौम्य करणारे कारण म्हणून येथे मान्य आहे. मात्र या सवलतीला एक अपवाद आहे. आई-वडील वारले आणि मुलगा कितीही दूर असला, तरी वार्ता ऐकल्या दिवसापासून त्याने पूर्ण दहा दिवस पाळावेत. या अपवादात दोन विचार आहेत. एक असा की काही नाती अंतराने सौम्य होत नाहीत. दुसरा असा की कर्तव्याचा आरंभ घटनेपासून होत नाही, ऐकण्यापासून होतो. ऐकले नव्हते तोवर मुलगा निर्दोष. ऐकले त्या क्षणापासून बांधलेला.

हीच लक्षणे आजच्या रायपूरला लावून पाहिली तर काय दिसते? नद्यांवर पूल झाले. बंगाल नागपूर रेल्वे कंपनी १८८७ मध्ये स्थापन झाली आणि पुढच्या काही वर्षांत रायपूर लोहमार्गाने जोडले गेले. योजनांचे लक्षण विमानाने निरर्थक केले. योजन चार कोसांचे धरले तर साठ योजने म्हणजे २४० कोस. मुंबई-रायपूर हे अंतर त्याहून मोठे असूनही दुपारच्या जेवणाआधी तुटते. वार्तेचे लक्षण तर पुरते मोडीत निघाले आहे. दहा रात्रींचे सोडाच, दहा मिनिटांत वार्ता पोहोचणार नाही अशी माणसाची वस्ती पृथ्वीवर फारशी उरलेली नाही. जुन्या मराठीत जवळिकीचे माप हाक हे होते. हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याचे नाते वेगळे, कारण हाक ऐकू आली की ओ देणे भाग पडे. आज सारे जग हाकेच्या अंतरावर आले आहे. शास्त्राने दिलेली सवलत कोणी रद्द केलेली नाही. ती ज्या कारणांवर उभी होती ती कारणेच गेली आहेत.

एक लक्षण मात्र शिल्लक राहिले, ते वाणीचे. याबाबतीत रायपूर परिसराचा अनुभव विचार करायला लावणारा आहे. नागपूर-रायपूर मार्गावर राजनांदगाव हे गाव आहे. तेथील दिग्विजय महाविद्यालयात १९५८ पासून गजानन माधव मुक्तिबोध अध्यापन करीत होते. त्यांची मातृभाषा मराठी, आणि ते आधुनिक हिंदी कवितेतील एक मोठे नाव. १९६४ मध्ये ते वारले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपूरला होते आणि त्यांनी मराठीत लिहिले. १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला मिळाला. दोघा भावांच्या गावांत सव्वादोनशे किलोमीटरांच्या आसपास अंतर, पण लेखनाची वाणी वेगळी. वाणीचे लक्षण अक्षरशः लावले तर हे दोन भाऊ एकमेकांना देशांतरी ठरतील. तरीही दोघांची वैचारिक चिंता, मार्क्सवादाशी असलेले नाते आणि साहित्यमूल्यांविषयीची आस्था पाहिली, तर एका घरातील दोन खिडक्यांसारखी त्यांची भाषा वाटते. वाणी बदलली म्हणून अंतर दिले असे होत नाही.

माधवराव सप्रे यांचे उदाहरण याहून जुने आहे. १८७१ मध्ये जन्मलेल्या या मराठी भाषकाने १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, रामदासांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले, आणि १९२६ मध्ये रायपुरातच देह ठेवला. अनुवादकाची मजल किलोमीटरांत मोजता येत नाही. पण त्याला मुक्काम दोन्ही भाषांत करावा लागतो. याउलट, आज घरोघरी आढळणारी गोष्ट अशी की आजी मराठीत बोलते, मुलगा तिला मराठीत आणि आपल्या मुलांना हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर देतो, आणि नातवाला आजीशी बोलताना मधल्या माणसाची गरज पडते. वर्षातून दोनदा विमानाने येणारा हा नातू तीन तासांत आजीच्या खोलीत पोहोचतो. तिच्या वाणीत पोहोचायला मात्र त्याला मुक्काम हवा असतो, आणि तो त्याच्या वेळापत्रकात नसतो. शास्त्रकारांनी डोंगर आणि नदीच्या शेजारी वाणीला बसवले, यामागची दृष्टी येथे पटते.

अंतर ही केवळ भूगोलाची गोष्ट नाही, हे रायपूरच्या राजकीय इतिहासातूनही दिसते. १९५६ पर्यंत या शहराची राजधानी नागपूर होती, सुमारे तीनशे किलोमीटरांवर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले आणि रायपूरची राजधानी भोपाळ झाली, दुपटीहून अधिक दूर. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर स्वतःच राजधानी झाले. या चव्वेचाळीस वर्षांत एकही गाव जागचे हलले नाही, पण कामकाजाची, शिक्षणाची, सोयरिकीची जवळीक दोनदा बदलली. नागपूर त्यानंतर येथील मराठी कुटुंबांसाठी परराज्य झाले. तेथील माणसे परकी व्हायची की नाही, हे मात्र राज्य पुनर्रचना आयोगाने ठरवलेले नव्हते.

उलट बाजूचे एक उदाहरण आनंदीबाई जोशी यांचे आहे. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून जहाजाने निघाल्या आणि जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्या. म्हणजे दोन महिन्यांची मजल. ज्यांच्या घरी त्या गेल्या त्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याशी त्यांचा परिचय केवळ पत्रांतून झालेला होता, आणि एकेका पत्राला जायला कित्येक आठवडे लागत. वैद्यकाची पदवी घेऊन परतल्यावर २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे त्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवण्यात आल्या. धर्म, वंश, वाणी, समुद्र आणि योजने या साऱ्या लक्षणांनी कार्पेंटरबाई देशांतरी होत्या. तरी त्यांनी अंतर दिले नाही. अंतर असूनही ते न देणे शक्य आहे, याला याहून स्वच्छ पुरावा शोधावा लागणार नाही.

आता या प्रश्नाची दुसरी, अधिक कठोर बाजू. ऑस्ट्रेलियन तत्त्वचिंतक पीटर सिंगर यांनी १९७२ मध्ये ‘दुष्काळ, समृद्धी आणि नीती’ या आशयाच्या शीर्षकाचा एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्यासमोर १९७१ च्या पूर्व बंगालमधील निर्वासितांचे हाल होते. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. डोळ्यांसमोर तळ्यात बुडणाऱ्या मुलाला वाचवणे जर आपले कर्तव्य असेल, तर हजारो मैलांवर मरणाऱ्या मुलाला, आपल्याला ते शक्य असताना, न वाचवण्याचे कोणतेही नैतिक समर्थन अंतरातून मिळत नाही. अंतर हा केवळ भूगोल आहे. त्याला नैतिक वजन नाही.

रायपूरच्या संदर्भात या निबंधाचे स्मरण सहेतुक आहे. ज्या माना परिसरात आज विमाने उतरतात, तेथेच १९६४ नंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांचे मोठे संक्रमण शिबिर होते. येथून त्यांना दंडकारण्य प्रकल्पाच्या वसाहतींत पाठवले जाई. नद्या आणि खाड्यांच्या प्रदेशातील माणसे लाल मातीच्या, खडकाळ अरण्यात आणली गेली. १९७८ मध्ये त्यांतील हजारो जण बंगालकडे परत निघाले, आणि सुंदरबनातील मरीचझांपी बेटावर त्यांचा मुक्काम किती भीषण रीतीने उठवण्यात आला, हे इतिहासाला ठाऊक आहे. त्या माणसांचे त्यांच्या गावापासूनचे अंतर कोणत्या उड्डाणकाळात सांगायचे? नकाशावर ते फार नव्हते. मध्ये एक सीमारेषा आली होती, आणि तिला कोणतेही विमान ओलांडत नव्हते.

सिंगर यांचा युक्तिवाद मला नाकारता येत नाही. पण त्यात एक भर घालणे आवश्यक वाटते. अंतराला नैतिक वजन नसेल, पण ते ओलांडण्याचे सामर्थ्य सर्वांकडे सारखे नसते, आणि या असमानतेला नक्कीच नैतिक वजन आहे. मुंबई-रायपूर दोन तास हे विधान खरे आहे, पण ते ज्याच्याकडे भाडे आहे त्याच्यापुरते. २५ मार्च २०२० रोजी देशांतर्गत विमाने थांबली आणि ठीक दोन महिन्यांनी, २५ मे रोजी, पुन्हा उडू लागली. मधल्या काळात महाराष्ट्रातून छत्तीसगड, झारखंड, ओडिशाकडे पायी निघालेले मजूर रायपूरच्या टाटीबंध चौकातून जात होते. दिवसाला चाळीस किलोमीटर चालले तर मुंबई-रायपूर हे अंतर सत्तावीस-अठ्ठावीस दिवसांचे होते. म्हणजे बालनरेंद्राच्या बैलगाडीच्या टप्प्याला लागले त्याहूनही अधिक दिवस. एकाच वर्षात, त्याच दोन शहरांमधले अंतर एकाला दोन तास आणि दुसऱ्याला चार आठवडे असू शकते. उड्डाणकाळ हा म्हणून दोन शहरांचा गुण नाही. प्रवाशाच्या ऐपतीचाही तो निर्देशांक आहे. डिसेंबर १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, ती रायपूरवरूनच जाते. आरंभी त्या गाडीत वर्ग नव्हते. वेगाचे वाटप समान असावे ही त्यामागची कल्पना होती, आणि विमानाच्या कौतुकात ती विसरण्याजोगी नाही.

येथून आपण पुन्हा घराकडे येऊ. कारण हा प्रश्न बहुतेकांना भिडतो तो तेथेच. ज्याच्याकडे भाडे आहे, ज्याला वार्ता मिळाली आहे, आणि ज्याच्या वाटेत सीमारेषा नाही, त्याचे काय? पूर्वी पत्रात लिहीत, ‘येणे झाले नाही’, ‘येता आले नाही’. मराठीची ही रचना मोठी सौम्य आहे. तीत कर्ता मागे सरतो आणि परिस्थिती पुढे येते. गाडी, पूर, रजा, उशिरा मिळालेली तार यांच्या आड माणूस उभा राहू शके, आणि पुष्कळदा ते खरेही असे. आज दोन तासांवर असलेल्या माणसाला प्रामाणिकपणे म्हणायचे झाले, तर ‘मी आलो नाही’ असेच म्हणावे लागते. विमानाने आपली वाट सोपी केली आणि वाक्य अवघड केले. न येण्याची कारणे आजही असतात आणि त्यांतील काही योग्यही असतात: स्वतःचे आजारपण, लहान मूल, हातची नोकरी. जे शक्य आहे ते प्रत्येक वेळी कर्तव्य असतेच असे नाही. तसे मानले तर दर आठवड्याला आकाशात राहावे लागेल. पण ते कारण आता अंतराच्या नावावर खपवता येत नाही. ते आपले म्हणून उच्चारावे लागते, आणि ज्याच्याकडे गेलो नाही त्याच्यासमोर उच्चारावे लागते.

आई-वडिलांच्या बाजूनेही या बदलाची किंमत आहे. मूल दूरदेशी निघाले की पूर्वी निरोप पुरता दिला जाई. पुन्हा भेट होईल न होईल, हे दोघांनाही माहीत असे, आणि त्या निरोपात पुढच्या गैरहजेरीची क्षमा आधीच दिलेली असे. आज कोणताही निरोप पुरता नसतो. म्हणून ती क्षमाही दिली जात नाही. अपेक्षा दर दिवशी नव्याने उगवते आणि दर संध्याकाळी किंचित दुखावते. वडीलधाऱ्यांनी ही अपेक्षा आवरावी असे सांगणे सोपे आहे; पण हाकेच्या अंतरावर असलेल्याने ओ द्यावी असे वाटणे हा काही त्यांचा दोष नव्हे.

याच चित्रात एक तिसरी व्यक्ती असते, आणि अंतराच्या चर्चेत तिचा उल्लेख क्वचितच होतो. ती रायपुरातच राहिलेली असते: बहुधा मुलगी, सून, धाकटा भाऊ, कधी शेजारी, कधी पगारावर ठेवलेली बाई. औषधांच्या वेळा, रात्रीचे उठणे, सरकारी कचेरीतले हयातीचे दाखले हे सारे तिच्याकडे असते. अखेरच्या दिवसांत विमानाने आलेला माणूस डॉक्टरांशी बोलतो, निर्णय सांगतो, आणि त्याची वाट पाहत देह शीतपेटीत ठेवलेला असेल तर अग्नीही तोच देतो. येथे शास्त्राने आणि विमानाने मिळून एक अन्याय पक्का केला आहे असे म्हणावे लागते. जो दुरून येतो त्याचे येणे दिसते. जो गेलाच नव्हता त्याचे असणे दिसत नाही. मजलेला मान मिळतो आणि मुक्काम गृहीत धरला जातो. दोन तासांच्या अंतरावर असलेल्यांचे पहिले कर्तव्य कदाचित आई-वडिलांकडे धावणे हे नसून, जो तेथे मुक्कामाला आहे त्याला काही काळ मोकळे करणे हे असेल. त्यासाठी पंधरा दिवसांचा मुक्काम लागतो, आणि तो करता येईल एवढी उसंत विमानाने आपल्याला दिलेली आहे.

एवढ्या विवेचनानंतर आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. असलेले अंतर आणि दिलेले अंतर यांत कार्यकारणभाव नाही. दोन महिन्यांच्या समुद्राने आनंदीबाई आणि कार्पेंटरबाई यांना अंतर द्यायला लावले नाही; दोन तासांचे विमान कोणाला ते देण्यापासून रोखत नाही. मात्र पहिले अंतर पुष्कळ काळ दुसऱ्याला झाकून होते. कोसांच्या आड आपण काय देत होतो आणि काय देत नव्हतो, याचा हिशेब कोणी मागत नसे. तो आता मागितला जाईल, आणि मागणारे बहुधा आपणच असू. त्या हिशेबात प्रवासाचे तास जमा धरता येणार नाहीत, कारण ते फारच थोडे उरले आहेत. जमेच्या बाजूला लिहिता येईल तो केवळ मुक्काम: किती दिवस राहिलो, कोणाच्या वाणीत राहिलो, आणि आपल्या राहण्याने तेथल्या कोणाला थोडे निजता आले.